पीजीतला उरलेल्या गोळ्यांचा डबा

प्रश्न : डॉक्टरकाकू, मी मूळची जळगावची. महाराजा सयाजीराव विद्यापीठात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करते आणि फतेहगंजला पीजीत राहते. आमच्या स्वयंपाकघरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. कुणाच्या गोळ्या उरल्या की त्यात टाकायच्या, कुणाला लागल्या की त्यातून घ्यायच्या. सध्या त्यात अझिथ्रोमायसिनच्या दोन, सेफिक्झिमच्या चार, जुलाबावरच्या ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या काही आणि एका सीनिअरला मुरुमांसाठी दिलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल आहेत. नवरात्रात गरब्याने सगळ्यांचे घसे बसतात आणि डबा रिकामा होतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे, तरी ‘उद्या प्रॅक्टिकल आहे, एक घेऊन टाक’ असंच होतं. एखाद्या गोळीने खरंच काही बिघडतं का? आणि फेकून देण्यापेक्षा कुणाच्या कामी आलेल्या बऱ्या नाहीत का?
– एक विद्यार्थिनी, वडोदरा

उत्तर : बिघडतं, बाळा. आणि ते तुला प्रयोगशाळेत दिसतं. जिवाणूंच्या थरावर ठेवलेल्या औषधाच्या चकतीभोवती, म्हणजे डिस्कभोवती, जिवाणू मरून पडलेला मोकळा गोल तू पट्टीने मोजतेस ना? डिस्कपासून लांब, जिथे औषध पातळ होत जातं, तिथे जिवाणू वाढतातच. अझिथ्रोमायसिन शरीरातून फार सावकाश जातं, निम्मं उतरायलाच जवळजवळ तीन दिवस लागतात. म्हणजे तू एक गोळी घेतलीस की पुढचे कितीतरी दिवस तुझ्या घशातले आणि आतड्यातले निरुपद्रवी जिवाणूही त्या पातळ होत जाणाऱ्या औषधात राहतात. २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये बेल्जियममधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ठणठणीत तब्येतीच्या स्वयंसेवकांना तीन दिवस अझिथ्रोमायसिन दिलं. त्यांच्या घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूंमध्ये औषधाला दाद न देणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि सहा महिन्यांनंतरही ते वाढलेलंच होतं. आता त्या पीजीत तुम्ही एकाच बाटलीने पाणी पिता, एका ताटात जेवता. औषधाला दाद न देण्याची जनुकं जिवाणू आपापसांत कशी वाटून घेतात, हे तर तू मलाच शिकवशील.

गोळीने बरं वाटतं, हेही खरं. पण सर्दी-घसा तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरायला लागतो आणि नेमकी त्याच वेळी गोळी घेतलेली असते. सोबत पॅरासिटामॉलही घेतलेली असते, ताप आणि ठणका तिने गेलेला असतो. श्रेय मात्र अझिथ्रोला.

गरब्यात रात्र रात्र गाऊन, ओरडून बसलेल्या आवाजाला अँटिबायोटिकशी काही देणंघेणं नाही. आवाजाला विश्रांती दे, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कर. पिवळा-हिरवा कफ दिसला म्हणजे जिवाणूच, असंही नाही. पण ताप आहे, खोकला अजिबात नाही, गळ्याच्या गाठी सुजून दुखतायत, टॉन्सिलवर पू दिसतोय, असं असेल तर मात्र डॉक्टरला घसा दाखवच. तिथे अँटिबायोटिक लागू शकतं आणि योग्य ते मिळायला हवं.

आता डब्यातलं बाकीचं. सेफिक्झिम ‘शेड्यूल एच-वन’मध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. १ मार्च २०१४ पासून मेडिकलवाल्याने ते देताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवायची असते. तुमचा डबा हे सगळं ओलांडून जातो. जागतिक आरोग्य संघटनेने सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही जपून वापरायच्या ‘वॉच’ गटात ठेवली आहेत. जुलाब झाले तर आधी ओआरएस, पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. शौचातून रक्त पडलं, जोराचा ताप आला किंवा पाणीही पोटात ठरेना, तर थेट दवाखाना. डॉक्सिसायक्लिन तुझ्या सीनिअरच्या त्वचेसाठी होती. ती पेलाभर पाण्याशिवाय घेऊन कुणी लगेच आडवी झाली, तर अन्ननलिकेत अडकून जखम होते.

पत्रात तू लिहिलेलं नाहीस, पण मुलींच्या पीजीत हमखास होतं म्हणून सांगते. कॉलेजात स्वच्छतागृह टाळायचं म्हणून पाणी कमी प्यायचं, मग लघवीला जळजळ, मग डबा. तसं झालं तर डॉक्टरकडे जा. कल्चर, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून बघायची तपासणी, सांगितलं तर नमुना गोळीच्या आधी द्यायचा, नंतर नाही. अंगात औषध असताना दिलेल्या नमुन्यात वाढ दिसत नाही, हे तुला समजावून सांगायला नको. तापाचंही तसंच. टायफॉइडचं ब्लड कल्चर एका ‘घेऊन टाकलेल्या’ गोळीने वाया जातं आणि खरा आजार हाती लागायला वेळ लागतो. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. घरापासून लांब, तापाने फणफणलेली मुलगी, आणि रिपोर्ट काहीच सांगत नाही.

गोळ्या उरतात कशा, हाही विचार करा. बरं वाटलं म्हणून तुम्ही मध्येच सोडता. काही संसर्गांना तीन दिवस पुरतात, क्षयरोगाला महिनोन्महिने लागतात. बऱ्याच आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवस चालतात, असं अलीकडे आढळलं आहे. तरी किती दिवस घ्यायच्या, हे डॉक्टरला फोन करून विचारा. आपल्या मनाने कमी करू नका, वाढवूही नका.

आणि डबा रिकामा करा, पण बेसिनमध्ये किंवा संडासात नको. ते पाणी शेवटी विश्वामित्री नदीतच जातं. जवळच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत जुनी औषधं घेतात का, विचारा. नसतील घेत तर पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत बांधा आणि कचऱ्यात द्या. कामी आणायच्या म्हणशील, तर कुणाला नेमकं काय झालंय हे न तपासता दिलेली गोळी कामी येतच नाही.

प्रश्न : मुलगा पुण्याला हॉस्टेलवर निघाला आहे. सामानात अँटिबायोटिकची एखादी पट्टी ठेवावी का?
– एक आई, कारेलीबाग

उत्तर : नको, ताई. थर्मामीटर, ओआरएसच्या पुड्या आणि पॅरासिटामॉल ठेवा. हॉस्टेलजवळच्या एखाद्या डॉक्टरचा नंबर आधीच शोधून त्याच्या फोनमध्ये घाला. त्याला पेनिसिलिनची किंवा कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल, तर ते औषधाच्या नावासकट कागदावर लिहून पाकिटात द्या. लहानपणी कशाने पुरळ उठलं होतं, हे तुम्हालाच आठवत असेल, त्याला नाही.