जमाबंदी, साराबंदी आणि गावबंदी

एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘जमाबंदी म्हणजे शेतसारा ठरवणे आणि साराबंदी म्हणजे तोच सारा न भरणे. दोन्हींत बंदी आहे, मग अर्थ उलटे कसे? आणि निवडणुकीत पुढाऱ्यांसाठी वेशीवर फलक लागतो, ती गावबंदी यांतली कुठली?’

बंदी आली फारसीतून. ‘बस्तन’ म्हणजे बांधणे, त्याच धातूचे ‘बंद’ आणि त्यावरून बंदी. आपल्या ‘बांधणे’शी तिचे दूरचे नातेही आहे. त्यामुळे जुन्या मराठीत बंदी म्हणजे आधी बांधणी. किल्ल्याची तटबंदी, घोड्याच्या टापेची नालबंदी. जमाबंदी याच कुळातली : कोणत्या गावाने किती वसूल जमा करायचा ते बांधून देणे. पुण्यात आजही जमाबंदी आयुक्त बसतात. सातबारा काढून बघा, ‘आकारणी’च्या रकान्यात काही रुपये आणि पैसे लिहिलेले असतात. ते त्या बांधणीतूनच आले आहेत. (जमावबंदी मात्र अगदी वेगळी, एका ‘व’ने घोटाळा होतो आणि छापील बातम्यांतही होतो.)

बांधलेली वस्तू हलत नाही. बंदीला ‘मनाई’ हा अर्थ तिथून चिकटला आणि पुढे तोच वरचढ झाला : दारूबंदी, नोटबंदी. साराबंदी या दुसऱ्या अर्थाची.

तिचे सर्वांत ठळक उदाहरण बारडोलीचे. मुंबई इलाख्याच्या सरकारने सुरत जिल्ह्यातल्या या तालुक्याची फेरआकारणी केली आणि सारा २२ टक्क्यांनी वाढवला. १२ फेब्रुवारी १९२८ ला वल्लभभाई पटेलांच्या उपस्थितीत शेतकऱ्यांनी ठराव केला की जुना सारा पुरता धरा, नाहीतर निःपक्ष चौकशी नेमा. तोवर पैसा मिळणार नाही. जप्तीवाले दारातली जनावरे ओढून नेत, म्हणून माणसे म्हशींसकट दारे लावून घरात कोंडून राहिली. अखेर सरकारला चौकशी नेमावी लागली आणि ती करणारे अधिकारी ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांनी वाढ ६.०३ टक्क्यांवर आणली. गुजरातीत या लढ्याला ‘ना-कर’ म्हणतात. मराठीने साराबंदी म्हटले, आणि मला आपला शब्द जास्त वजनदार वाटतो, कारण तो सरकारच्याच दप्तरातल्या जमाबंदीसमोर उभा राहतो.

पण साऱ्याबद्दलच्या प्रत्येक चळवळीला हा शब्द लावू नये. १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांना दुष्काळाच्या कायद्यातले हक्क समजावले. पीक बुडाले असेल तर साऱ्याची तहकुबी (वसुली पुढे ढकलणे) किंवा सूट मागा, देणे झेपत नसेल तर घरदार विकून भरू नका, असे सांगितले. त्यात कायद्याबाहेरचे काही नव्हते, तरी १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. ती साराबंदी नव्हती. तहकुबी, सूट, माफी या गोष्टी सरकार देते. साराबंदी शेतकरी करतो. क्रियापदच फरक सांगते.

आता गावबंदी. दारूबंदीत दारू बंद होते, साराबंदीत सारा. गावबंदीत गाव कुठे बंद होते? बंद होतो पुढारी, गावात यायचा. म्हणजे पहिले पद इथे ठिकाण आहे, आणि ज्याला रोखायचे तो ‘ना’ लावून बाहेर सांगावा लागतो : ‘सर्वपक्षीय नेत्यांना गावबंदी’. हुबेहूब हीच रचना जिल्हाबंदीची. सरकार आंदोलकाला जिल्हाबंदी करते, तर गाव पुढाऱ्याला गावबंदी. हा शब्द त्या सरकारी शब्दावरूनच उचलून उलटा फिरवला असावा, असे मला वाटते. शेतकरी संघटनेने कर्जमुक्तीच्या लढ्यात तो गाजवला, आणि २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यातल्या गावोगावच्या वेशीवर तो पुन्हा दिसला.

बातम्यांत हल्ली गावबंदी आणि मतदानावरचा बहिष्कार एकच असल्यासारखे लिहितात. बहिष्कारात गाव मतपेटीकडे पाठ फिरवते. गावबंदीत मत हातात राखून ठेवलेले असते, आणि फलकामागचा सगळा जोर त्या राखलेल्या मताचाच असतो.

‘पुढाऱ्यांवर गावबंदी’ असेही वाचनात येते. ‘ना’च ठेवावे, वेशीवरचे फलक रंगवणारे तसेच लिहितात.