बियांपासून घरीच बोन्साय करायचं आहे, विदर्भातल्या उन्हात कोणतं झाड जमेल?

भाऊ, चिंचेपासूनच सुरू करा, चिंचोके गावात फुकट मिळतात न झाड उन्हाला घाबरत नाही. चिंचोक्याचं कवच लै टणक असते, म्हणून एका बाजूनं फरशीवर थोडं घासा अन् रातभर पाण्यात भिजू द्या, मग बोटाच्या एका पेराएवढं खोल लावा, साधारण 8-15 दिवसांत कोंब दिसतो. कडूनिंब लावायचा असेल तर निंबोळी पडली की गर धुऊन लगेच लावा, बी जास्त दिवस टिकत नाही.

माती मात्र नीट पाहा. आपली कपाशीची काळी माती नुसती कुंडीत भरू नका, ओली झाली की पाणी धरून बसते अन् वाळली की भेगा पडून मुळं तुटतात, त्यात बारीक मुरूम, जाडी रेती न जुनं कुजलेलं शेणखत मिसळा.

अन् रोप उगवलं की लगेच उथळ ट्रेमध्ये लावायची घाई बहुतेक लोक करतात, तिथंच खोड काडीसारखं राहून जाते. पहिले 3-4 वर्षं मोठ्या कुंडीत नाहीतर जमिनीत मोकळं वाढू द्या, पावसाळा लागला की काढून मधलं सोटमूळ छाटा, शेंडा खुडत राहा, खोड जाड झालं की मग ट्रे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा ग्रीन नेटखाली ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाणी द्या. पण घरात शोभेसाठी ठेवू नका बाप्पा, चिंचेला ऊन पाहिजेच.