कॉमर्सला मॅथ्स घेऊ की एसपी?

दहावीचा निकाल लागला की जूनमध्ये रोज किमान एक फोन याच प्रश्नाचा येतो, "मॅडम, अकरावी कॉमर्सला मॅथ्स घ्यायचं की एसपी?" एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, कंपनीच्या सेक्रेटरीच्या कामकाजाचा विषय. मागच्या वर्षी सांगलीकडची एक मुलगी आईला घेऊन आली होती, तिचंच सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय).

दहावीला मॅथ्समध्ये ६६. पुढे काय करायचं, तर म्हणाली सीए. आणि विषय एसपी, कारण वरच्या वर्गातली ताई म्हणाली एसपीत मार्क पडतात आणि सीएला मॅथ्स लागत नाही. आता यातलं अर्धंच खरं आहे. सीएला अकरावी-बारावीत मॅथ्स असायलाच पाहिजे अशी अट नाही, पण सीए फाउंडेशनचा, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेचा, तिसरा पेपर १०० मार्कांचा क्वांटिटेटिव्ह अ‍ॅप्टिट्यूडचा असतो, त्यात बिझनेस मॅथ्स ४० आणि स्टॅटिस्टिक्स ४०, वर निगेटिव्ह मार्किंग. म्हणजे आत्ता टाळलेलं गणित दोन वर्षांनी समोर येतंच आणि तेव्हा शिकायला वेळ कमी असतो.

पण मी लगेच "मॅथ्स घे" म्हटलं नाही. गणिताची खरंच धास्ती असलेल्या मुलाला मॅथ्स घ्यायला लावून बारावीत रडताना मी बघितलंय, ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये. तिला एवढंच विचारलं, गेलेले ३४ कुठले? तिला माहितच नव्हतं, मार्कशीटवर नुसती बेरीज असते ना. मग दुसऱ्या दिवशी प्रिलिमचे दोन्ही पेपर आणायला सांगितले. बीजगणितात ४० पैकी ३३, भूमितीत १४!

म्हणजे ती ज्याला घाबरत होती ते गणित नव्हतंच, प्रमेयं आणि रचना होत्या. कॉमर्सच्या मॅथ्समध्ये त्या नाहीत, अकरावीला सरळ रेषेचं एक प्रकरण आहे, बाकी संच, सीक्वेन्स, लिमिट्स, कोरिलेशन (दोन गोष्टींचा एकमेकांशी किती संबंध ते), प्रोबॅबिलिटी, बारावीला मॅट्रिक्स, इंडेक्स नंबर, विमा, कमिशन. पुस्तक तिच्यासमोर उघडून ठेवलं आणि अर्धा तास काही बोलले नाही, तिलाच चाळू दिलं.

तेवढ्यात आई म्हणाली, "आमच्या डेअरीचं दहा दिवसांचं बिल हीच काढते, फॅट-एसएनएफवरनं कुणाचा दर का पडला ते पण हीच सांगते." (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक.) मुलगी लाजली पण मग बोलायला लागली, कुठल्या महिन्यात फॅट खाली जातं, कुणाच्या गाईचं जातं, सगळं तिच्या वहीत होतं. मी म्हटलं, बाळा, याला स्टॅटिस्टिक्स म्हणतात आणि याची डिग्री असते. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅटला बारावीत मॅथ्स लागतंच, दिल्ली युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्स ऑनर्सला सीयूईटीत (केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत) मॅथ्सचा पेपर द्यावा लागतो. ती तिकडे जाईलच असं नाही, पण पंधराव्या वर्षी ते रस्ते आपण माहितीअभावी बंद करायचे का?

"आणि नाहीच झेपलं तर?" आईचा प्रश्न बरोबरच होता. मी म्हटलं, ताई, सुरुवातीच्या दिवसांत मॅथ्स सोडून एसपी घेणं त्यातल्या त्यात सोपं असतं, फक्त कधीपर्यंत बदलून देतात ते अ‍ॅडमिशनच्या वेळीच कॉलेजात विचारून घ्या. एसपीवरून मॅथ्सला येणं मात्र फार अवघड, मागे राहिलेलं भरून निघत नाही.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलाला मी एसपीच घे म्हणून सांगितलं. त्याला पाच वर्षांचं लॉ करायचं होतं, त्याच्या सीईटीला बारावीत मॅथ्स असण्याची अट नाही, आणि शेअर, डिबेंचर, कंपनीचा पत्रव्यवहार हे तो आवडीने वाचत होता. म्हणून म्हणते, आधी मूल कुठे जाऊ बघतंय ते विचारा, तिथली पात्रतेची अट स्वतः वाचा, मग मार्कांकडे बघा.

मुलीने मॅथ्स घेतलं. पहिल्या युनिट टेस्टला २५ पैकी १३ पडले, आईचा घाबरून फोन आला. पेपरचा फोटो मागवला तर सरळ रेषेचीच गणितं गेली होती, बाकी जवळजवळ सगळं बरोबर. तेवढं एक प्रकरण कॉलेजच्या सरांकडून पुन्हा समजून घे म्हटलं. दिवाळीनंतर तिने कोरिलेशनचा प्रोजेक्ट केला, डेटा डेअरीचाच, हिरवा चारा आणि फॅट.