परग्रहावरचा जीव आणि बीडच्या डोक्यावरून जाणारा तारा

प्रश्न दोन आहेत. विश्वात आणखी कुठे जीवसृष्टी आहे का? आणि बीड जिल्ह्यातल्या एका गावातून, ६ इंची डॉब्सोनियन (हाताने फिरवायच्या साध्या बुडावरची, आरशाची) दुर्बीण आणि एक साधा डीएसएलआर कॅमेरा एवढ्यावर त्याबाबत काही करता येईल का?

पहिल्याचं उत्तर आखूड आहे. पृथ्वीबाहेर जीव असल्याचा एकही पक्का पुरावा आजवर मिळालेला नाही. ६,००० च्या वर परग्रह (म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह) नोंदले गेलेत, त्यातल्या एकावरही नाही. 'एवढ्या ताऱ्यांत कुठेतरी असणारच' हा अंदाज मलाही पटतो, पण तो अंदाजच. (औंढा नागनाथजवळची लायगो-इंडिया वेधशाळा यासाठी आहे असं कोणाला वाटत असेल, तर नाही. ती गुरुत्वीय लहरी मोजणार आहे.)

दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, कारण ते हातात घेण्याजोगं काम आहे. जीव सापडणार नाही, पण दुसऱ्या सूर्याभोवती फिरणारा ग्रह तुम्ही स्वतः पकडू शकता, आणि जीव शोधणारेही बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच करतात.

एचडी २०९४५८ नावाचा तारा घ्या. साधारण १५८ प्रकाशवर्षांवर, प्रत (उजळपणाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) ७.६, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला सहज सापडतो. भाद्रपदांचा मोठा चौकोन ओळखता येत असेल तर त्यातल्या पूर्वा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांपासून पश्चिमेला हात लांब करून दीड मूठ सरका. या ताऱ्याचा ग्रह दर ३.५२ दिवसांनी त्याच्यासमोरून जातो आणि सुमारे ३ तास त्याचा प्रकाश दीड टक्क्याने कमी करतो. ताऱ्यासमोरून जाताना पकडला गेलेला हा पहिला परग्रह, १९९९ साली. ताऱ्याची क्रांती (आकाशातलं अक्षांशासारखं माप) १८ अंश ५३ मिनिटं आहे, आणि बीडचा अक्षांश जवळपास तेवढाच. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यात रात्री ९ च्या सुमाराला हा तारा बरोब्बर तुमच्या डोक्यावर असतो. हवेचा थर सगळ्यात पातळ तिथेच.

पण डॉब्सोनियन इथे बाजूला ठेवा. एक तर तिला मोटर नाही, आणि नेमकं डोक्यावरच ती सगळ्यात अडते, कारण तिथे तारा थोडासा सरकला तरी बूड खूप फिरवावं लागतं. त्याऐवजी कॅमेऱ्याला २०० मिमीची लेन्स लावा आणि तो ताऱ्यांबरोबर फिरणाऱ्या छोट्या मोटरच्या ट्रॅकरवर बसवा. ट्रॅकर ध्रुवाकडे लावताना आपल्याकडची अडचण म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त १९ अंशांवर असतो. उत्तरेला लिंबाचं झाड किंवा डोंगर असेल तर जागा बदला. ध्रुव अंदाजाने लावला तर ५ तासांत तारा सेन्सरवर शेकडो पिक्सेल वाहत जातो.

ग्रहाच्या ट्रान्झिटच्या, म्हणजे ताऱ्यासमोरून जाण्याच्या, वेळा चेक प्रजासत्ताकातल्या खगोलप्रेमींच्या ट्रान्झिट डेटाबेसमध्ये मोफत मिळतात. दोन फेऱ्या मिळून ७ दिवस आणि सुमारे ७१ मिनिटं होतात. म्हणून एक ट्रान्झिट संध्याकाळी मिळालं, तर पुढच्या आठवड्यात त्याच वारी ते सव्वा तासाने उशिरा येतं, आणि मधलं एक दिवसाउजेडी वाया जातं. ट्रान्झिटचे ३ तास, आधी १ तास आणि नंतर १ तास, असे सलग ५ तास लागतात. आधीची आणि नंतरची सपाट रेघ नसेल तर मधला खड्डा कशाच्या तुलनेत मोजणार?

फोटो रॉमध्ये (सेन्सरचे कच्चे आकडे तसेच ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढा, एक्स्पोजर ३० सेकंदांच्या आसपास, आयएसओ कमी. फोकस मुद्दाम बिघडवा, तारा १५-२० पिक्सेल रुंद थाळीएवढा पसरला पाहिजे. नवखे लोक हमखास इथे चुकतात, तारा टोकदार ठेवतात. मग मधला पिक्सेल भरून वाहतो, आणि भरलेल्या पिक्सेलला दीड टक्का कमी झालेला कळत नाही. १४ बिटच्या कॅमेऱ्यात पिक्सेल १६,३८३ वर भरतो. सगळ्यात उजळ पिक्सेल १०,००० च्या खाली ठेवा. कॅमेऱ्यातलं 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद करा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तो तेवढाच वेळ अंधाराचा फोटो काढत बसतो आणि निम्मी रात्र जाते. ५ तासांत ५०० च्या वर फोटो होतात, एकेक २५ एमबीचा धरला तर १३-१४ जीबी. ३२ जीबीचं कार्ड घाला.

वीज जाणारच असं धरून चाला. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी ट्रॅकरला पुरते, पण लेन्सवर दव धरू नये म्हणून गरम पट्टी लावलीत तर तीच एक ॲम्पिअरच्या आसपास ओढते. ५ तासांचे ५ ॲम्पिअर-तास तिचेच झाले, आणि ८ ॲम्पिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. दोन बॅटऱ्या ठेवा. पट्टी मात्र काढू नका. दव हळूहळू चढतं, आणि त्याचा आलेख अगदी ट्रान्झिटच्या सुरुवातीसारखा दिसतो.

ताऱ्याचा प्रकाश एकटा कधी मोजायचा नाही. त्याच फोटोतले, साधारण तेवढ्याच प्रतीचे आणि तशाच रंगाचे दोन-तीन तारे घ्यायचे आणि त्यांच्याशी गुणोत्तर काढायचं. ॲस्ट्रोइमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर हेच करतं. ऑक्टोबरात शिवारात सोयाबीनची मळणी सुरू असते, तिचा धुरळा आणि परतीच्या पावसाचे विरळ ढग सगळ्या ताऱ्यांना सारखेच झाकतात, म्हणून गुणोत्तरात ते बरेचसे कटतात. बरेचसे, सगळे नाही. तुलनेच्या ताऱ्यांचे नुसते आकडे एकदम कोसळले असतील तर तेवढे फोटो फेकून द्या.

एका फोटोत ताऱ्याचे १ लाख फोटॉन (प्रकाशाचे कण) मोजले गेले, तर त्यातला अटळ चढउतार वर्गमुळाएवढा, म्हणजे ३१६. हे झाले ०.३ टक्के. १० फोटोंची सरासरी घेतली की ०.१ टक्का. दीड टक्क्याचा खड्डा त्यात दिसायलाच हवा. दिसला नाही तर दोष बहुतेक वेळा फोटॉनचा नसतो, लेन्सवरच्या धुळीचा आणि सरकलेल्या ताऱ्याचा असतो. म्हणून फ्लॅट फोटो (सारख्या उजेडाच्या कोऱ्या पृष्ठभागाचे, धुळीचे डाग पकडणारे) घेतल्याशिवाय उठू नका. आणि खरी परीक्षा म्हणजे ट्रान्झिट नसलेल्या रात्री हीच सगळी कसरत करून बघा. त्या रात्रीही खड्डा आला, तर तो ग्रह नाही, तुमची लेन्स आहे.

आलेख नीट आला की ग्रह किती मोठा ते कागदावर निघतं. दीड टक्का हे ग्रहाच्या आणि ताऱ्याच्या थाळ्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर, म्हणून त्रिज्यांसाठी त्याचं वर्गमूळ घ्यायचं. ०.०१५ चं वर्गमूळ ०.१२२. तारा सूर्याच्या १.२ पट, म्हणजे त्रिज्या ८.३५ लाख किमी. गुणाकार केला की १ लाख किमीच्या वर. गुरूची त्रिज्या सुमारे ७० हजार. तापलेला, फुगलेला वायूचा गोळा. तिथे जीवाचा प्रश्नच येत नाही.

आता हेच गणित पृथ्वीला लावा. लांबून बघणाऱ्याला पृथ्वी सूर्याचा प्रकाश ०.००८४ टक्के कमी करताना दिसेल, १२,००० त १ भाग, वर्षातून एकदाच, १३ तास. तेही त्याची नजर नेमकी त्या रेषेत असली तर, आणि ती शक्यता २०० त १ च्या आसपास. वातावरण म्हणजे त्या ठिपक्याभोवतीची पातळ कड. जीवाची खूण शोधायची ती त्या कडेतून गाळून आलेल्या प्रकाशात.

के२-१८बी च्या बातम्यांकडे बघताना हे प्रमाण डोक्यात असू द्या. १२४ प्रकाशवर्षांवरच्या या ग्रहावर डायमिथाइल सल्फाइड असल्याचा इशारा जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदीत मिळाल्याचं २०२५ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं. आपल्याकडे हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव सोडतात, म्हणून गाजावाजा. पण तो इशारा ३ सिग्माचा (सिग्मा म्हणजे मोजमापातल्या नेहमीच्या चढउताराचं माप) होता, आणि शोध म्हणवून घ्यायला ५ लागतात. तोच डेटा इतरांनी आपल्या पद्धतीने गाळला तेव्हा इशारा पुसट झाला. शिवाय हाच वायू ६७पी धूमकेतूतही सापडलाय, आणि धूमकेतूवर कोणी शेवाळ वाढवत नाही. ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र सापडले तर मी जास्त लक्ष देईन. दोघं एकमेकांना खातात, त्यामुळे दोन्ही टिकून असतील तर कोणीतरी ते सतत भरत असलं पाहिजे.

नमुना हातात असला तरी काम सोपं नसतं. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. जालन्याच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर, बादली बुडवून पाणी आणता येतं. तरी कारण सांगायला पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासावे लागले. खारटपणा वाढल्यावर फोफावलेल्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. ते तळाशी बसले आणि पाणी पुन्हा नितळ झालं. मंगळावर १९७६ साली व्हायकिंग यानांच्या एका प्रयोगात मातीने जीवासारखा प्रतिसाद दिला होता, त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. २००८ मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट हे क्षार सापडल्यावर बहुतेकांचा कल रसायनाकडे झुकला.

बाजूला ठेवलेली डॉब्सोनियन गुरूसाठी काढा. त्याचा चंद्र युरोपा तिच्यात ठळक ठिपका दिसतो. त्याच्या बर्फाखाली खारा समुद्र असावा असं निरीक्षणं सांगतात. तो जीवाला पोसू शकेल का, हे तपासायला १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालेलं युरोपा क्लिपर एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचायचं आहे. युरोपाची फेरी ३.५५ दिवसांची, तुमच्या परग्रहाएवढीच जवळजवळ. हवा स्थिर असलेल्या रात्री १५० पट मोठेपणावर त्याची सावली गुरूवरून काळ्या टिपक्यासारखी सरकताना दिसते. तिच्या वेळा कुठल्याही चांगल्या तारांगण ॲपमध्ये मिळतात. मात्र दुर्बीण आधी तासभर उघड्यावर ठेवा. घरातून आणलेला गरम आरसा लगेच वापरला तर त्यावरची हवा उकळत राहते आणि टिपका दिसत नाही.