काट्याचं वजन नेटवर्कवरून घ्यायचंय? आधी हे बघा

व्हर्च्युअल कॉम पोर्टला (नेटवर्कवरचा काटा कॉम्प्युटरला साध्या सिरीयल पोर्टसारखा दाखवणारं सॉफ्टवेअर) हात लावण्याआधी वजनकाट्याच्या इंडिकेटरचा (वजन दाखवणाऱ्या डब्याचा) मेनू उघडा आणि बॉड रेट (डेटा जाण्याचा वेग), डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडण्याचा बिट), स्टॉप बिट कागदावर लिहून घ्या. समजा ९६००, ८, नन, १ आहे. हेच आकडे सिरीयल-इथरनेट कन्व्हर्टरच्या (काट्याची सिरीयल वायर नेटवर्कला जोडणारा डबा) वेबपेजवर जसेच्या तसे भरा.

नवे लोक हमखास इथेच अडकतात: कॉम्प्युटरवर बॉड रेट बदलला की तो काट्याकडच्या टोकालाही बदलला असं धरून चालतात. साध्या टीसीपी (नेटवर्कवरून डेटा नेण्याची नेहमीची पद्धत) जोडणीत फक्त बाइट जातात, सेटिंग जात नाही. ती पोचवायची तर दोन्ही टोकांना आरएफसी २२१७ (सिरीयल सेटिंग नेटवर्कवरून पाठवण्याचं ठरलेलं मानक) चालू हवं. १९९७ सालचं आहे, पण आजही कामाचं.

स्क्रीनवर वजनाऐवजी भलतीच चिन्हं आली तर बॉड रेट किंवा पॅरिटी तपासा. काहीच आलं नाही तर आयपी, पोर्ट क्रमांक, फायरवॉल आणि मग टीएक्स-आरएक्सच्या (डेटा पाठवायच्या-घ्यायच्या) वायरी, याच क्रमाने.

कन्व्हर्टर टीसीपी सर्व्हर मोडमध्ये ठेवा, म्हणजे तो कॉम्प्युटरकडून जोडणी येण्याची वाट बघेल, आणि त्याला कायमचा आयपी द्या. बरेच कन्व्हर्टर एका वेळी एकच जोडणी घेतात. मधेच केबल निघाली तर जुनी जोडणी अडकून बसते आणि सॉफ्टवेअर कितीही वेळा उघडा, आत घेत नाही. त्यासाठी कीप-अलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का हे अधूनमधून तपासणारी सोय) चालू करा. ही सेटिंग कृपया टाळू नका. काट्यावर गाड्यांची रांग लागल्यावर ऑपरेटरचे हाल होतात.

आणि कन्व्हर्टरच्या या नेटवर्क पोर्टला सहसा पासवर्ड नसतो. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून तो इंटरनेटला उघडा करू नका. बाहेरून लागलंच तर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी) वापरा.