डिसअसेंब्लीत -४, डीबग माहितीत -२०: जीडीबीला व्हेरिएबल नेमकं सापडतं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: एक्स८६-६४ लिनक्सवर जीसीसी कंपायलरने -जी (डीबग माहितीही लिही) लावून फंक्शन कंपाइल केलं. ‘आर’ नावाचं लोकल व्हेरिएबल डिसअसेंब्लीत (मशीन कोडच्या वाचता येणाऱ्या यादीत) आरबीपी या फ्रेम दाखवणाऱ्या रजिस्टरच्या ४ बाइट खाली दिसतं, डीबग माहिती छापणारं रीडएल्फ मात्र -२० सांगतं. खरं कोणतं? आणि -ओ२ (ऑप्टिमायझेशन) लावलं की जीडीबी (डीबगर) ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ का म्हणतं?

दोन्ही आकडे खरे आहेत. कुठून मोजायचं ते ठिकाण वेगळं आहे, म्हणून आकडा बदलतो. हे एकदा समजलं की -ओ२ चं कोडंही बरंचसं सुटतं.

उदाहरणाला छोटं फंक्शन घेऊ: ‘स्क्वेअर’. एक इंट पॅरामीटर ‘एन’, आत आर = एन * एन, आणि आर परत. -जी दिल्यावर कंपायलर ड्वार्फ नावाच्या फॉरमॅटमध्ये या फंक्शनची एक नोंद फाइलच्या ‘डीबग-इन्फो’ सेक्शनमध्ये लिहितो. फंक्शनच्या नोंदीच्या पोटात एन आणि आर यांच्या नोंदी असतात: नाव, टाइप, ओळ क्रमांक आणि ‘लोकेशन’. हे लोकेशन म्हणजे तयार पत्ता नव्हे. तो एका चिमुकल्या स्टॅक मशीनसाठी लिहिलेला प्रोग्रॅम असतो, आणि डीबगर तो दर वेळी चालवून पत्ता काढतो. (त्यातल्या आज्ञांच्या नावांपुढचं ‘डीडब्ल्यू-ओपी’ मी इथे गाळतो आहे, नाहीतर वाचवणार नाही.)

आरचा प्रोग्रॅम फक्त दोन बाइटचा आहे: हेक्समध्ये ९१ ६सी. ९१ म्हणजे ‘एफबीरेग’, अर्थात ‘फ्रेम बेसमध्ये पुढची संख्या मिळव’. ६सी म्हणजे चिन्हासहित एलईबी१२८ (बदलत्या लांबीत संख्या लिहिण्याच्या) पद्धतीने लिहिलेली -२०. मग फ्रेम बेस, म्हणजे मोजणी सुरू करण्याचं ठिकाण, कोणतं? ते फंक्शनच्या नोंदीत असतं, आणि जीसीसी तिथे एकच बाइट लिहितो: ९सी, म्हणजे ‘कॉल-फ्रेम-सीएफए’. सीएफए म्हणजे कॉलरने कॉल इन्स्ट्रक्शन चालवण्याच्या आधी आरएसपी (स्टॅकचा माथा दाखवणारं रजिस्टर) जिथे होता तो पत्ता. कॉलने ८ बाइटचा रिटर्न पत्ता ढकलला, मग फंक्शनने ८ बाइटचा जुना आरबीपी ढकलला आणि आरबीपीत आरएसपी भरला. म्हणून सीएफए = आरबीपी + १६. आर आरबीपीच्या ४ खाली, म्हणजेच सीएफएच्या २० खाली. एनचंही तसंच: डिसअसेंब्लीत हेक्स -१४, म्हणजे -२०, आणि ड्वार्फमध्ये -३६. एनच्या डिसअसेंब्लीतला -२० आणि आरचा ड्वार्फमधला -२० हे दोन वेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नका.

पडताळायला ‘ब्रेक स्क्वेअर’, ‘रन’, मग ‘इन्फो फ्रेम’. पहिल्याच ओळीत ‘फ्रेम अ‍ॅट’ पुढे जो पत्ता येतो तो सीएफए. त्याच्या शेवटी ई०२० असेल, तर ‘प्रिंट &आर’ च्या शेवटी ई००सी यायला हवं.

क्लँग या दुसऱ्या कंपायलरने -ओ० (ऑप्टिमायझेशन बंद) वर कंपाइल केलंत तर हा गोंधळ होणार नाही. तो फ्रेम बेस म्हणून थेट आरबीपीच लिहितो, त्यामुळे दोन्हीकडे तोच आकडा दिसतो.

मग जीसीसी हा वळसा का घेतो? आरबीपीवर भरवसा प्रोलॉग (फंक्शनच्या सुरुवातीच्या तयारीच्या इन्स्ट्रक्शन) संपल्यावरच ठेवता येतो. फंक्शनच्या पहिल्या इन्स्ट्रक्शनवर आरबीपी अजून कॉलरचाच असतो. सीएफए मात्र प्रत्येक इन्स्ट्रक्शनला काढता येतो, कारण त्याचा तक्ता ‘ईएच-फ्रेम’ सेक्शनमध्ये असतो. ‘रीडएल्फ -डब्ल्यूएफ’ (डब्ल्यू स्मॉल, एफ कॅपिटल) चालवलंत तर स्क्वेअरसाठी साधारण अशा ओळी दिसतील: सुरुवातीला आरएसपी+८, पुश झाल्यावर आरएसपी+१६, मूव्ह झाल्यावर आरबीपी+१६, आणि शेवटी पॉप झाल्यावर परत आरएसपी+८. डीबगर सध्याचा पीसी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) पाहून योग्य ओळ उचलतो. -ओ२ ला आरबीपी फ्रेमसाठी सहसा वापरलाच जात नाही, तिथे तर या तक्त्याशिवाय गत्यंतरच नसतं.

पत्ता बरोबर आला म्हणजे किंमतही बरोबर, असं मात्र नाही. ‘ब्रेक *स्क्वेअर’ असं ताऱ्यासकट दिलंत तर जीडीबी अगदी पहिल्या इन्स्ट्रक्शनवर थांबतं. तिथे ‘प्रिंट एन’ केलं तर कचरा दिसतो, कारण एन अजून ईडीआय रजिस्टरमध्येच आहे, स्टॅकवर उतरलेला नाही. -ओ० ला कंपायलर ‘एन कायम स्टॅकवर’ एवढंच एक लोकेशन लिहितो, प्रोलॉगमधल्या दोन-तीन इन्स्ट्रक्शन त्याच्या हिशेबात नसतात. म्हणूनच तारा न लावता ब्रेक दिला की जीडीबी लाइन टेबल (कोणती ओळ कोणत्या पत्त्यावर) बघून प्रोलॉगच्या पलीकडे थांबतं.

आता -ओ२. अख्खं फंक्शन तीन इन्स्ट्रक्शनचं, सहा बाइटचं होतं: ईडीआयचा ईडीआयशी गुणाकार (३ बाइट), ईडीआय ते ईएएक्स मूव्ह (२), रिटर्न (१). उबंटूसारख्या ठिकाणी आधी चार बाइटची एंडबीआर६४ असते, ती सोडून द्या. स्टॅकवर आता काहीच नाही. त्यामुळे लोकेशनऐवजी लोकेशन लिस्ट येते: ‘या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत हा प्रोग्रॅम, पुढे तो प्रोग्रॅम’. ‘रीडएल्फ -डब्ल्यूओ’ ने ती दिसते. एनसाठी जीसीसी साधारणपणे असं लिहितो: गुणाकार होईपर्यंत ‘रेग५’ (म्हणजे आरडीआय; ईडीआय हा त्याचाच खालचा अर्धा भाग), त्यानंतर ‘एंट्री-व्हॅल्यू रेग५, स्टॅक-व्हॅल्यू’ (यांचा अर्थ पुढे येतो). आरची नोंद गुणाकारानंतरच सुरू होते. म्हणजे पहिल्या इन्स्ट्रक्शनवर थांबून आर विचारलंत तर त्या पीसीला झाकणारी ओळच यादीत नाही. ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच: या पीसीला या नावाची किंमत कुठे आहे ते कंपायलरने लिहिलेलं नाही. व्हेरिएबल कायमचं गेलं असा त्याचा अर्थ लावू नका. ‘स्टेपआय’ ने एक-दोन इन्स्ट्रक्शन पुढे जा, पुष्कळदा किंमत उगवते. कुठल्या रेंजमध्ये ती मिळेल हे ‘इन्फो अ‍ॅड्रेस आर’ आधीच सांगतं.

या याद्या वाचताना दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो.

पहिलं, रजिस्टरचे क्रमांक. ड्वार्फचे क्रमांक आणि प्रोसेसरच्या मशीन कोडमधले क्रमांक वेगळे आहेत. ड्वार्फमध्ये ० आरएएक्स, १ आरडीएक्स, २ आरसीएक्स, ३ आरबीएक्स, ४ आरएसआय, ५ आरडीआय, ६ आरबीपी, ७ आरएसपी. मशीन कोडमध्ये १ म्हणजे आरसीएक्स आणि ५ म्हणजे आरबीपी. सवयीने वाचलंत तर भलत्याच रजिस्टरमध्ये शोधत बसाल.

दुसरं, ‘रेग५’ आणि ‘ब्रेग५ ०’ यांतला फरक. पहिल्याचा अर्थ किंमत रजिस्टरमध्येच आहे. दुसऱ्याचा अर्थ रजिस्टरमध्ये पत्ता आहे, किंमत त्या पत्त्यावर मेमरीत. शेवटी ‘स्टॅक-व्हॅल्यू’ असेल तर तिसराच प्रकार: किंमत कुठेच साठवलेली नाही, ती हिशेबाने काढली आहे. अशा व्हेरिएबलला ‘सेट व्हेरिएबल’ ने नवी किंमत देता येत नाही, कारण लिहायला जागाच नाही.

‘एंट्री-व्हॅल्यू’ ही मला या सगळ्यातली सर्वात हुशार युक्ती वाटते. अर्थ: फंक्शनमध्ये शिरताना आरडीआयमध्ये जे होतं ते. ते रजिस्टर तर गुणाकाराने पुसलं गेलंय. मग डीबगर एक फ्रेम वर जातो, कॉलरमधल्या त्या कॉलची ‘कॉल साइट’ नोंद काढतो, आणि तिथे ‘आरडीआयमध्ये स्थिर संख्या ७ दिली’ किंवा ‘आरबीएक्सची प्रत दिली’ असं लिहिलेलं असेल तर त्यावरून किंमत काढतो. कॉलर -जी शिवाय कंपाइल झालेला असेल तर साखळी तुटते आणि परत तेच ‘ऑप्टिमाइज्ड आउट’. म्हणून एकाच फाइलला -जी लावून भागत नाही.

‘अप’ करून वरच्या फ्रेममध्ये गेलात की आरबीएक्ससारख्या रजिस्टरची खालच्या फंक्शनने कुठे प्रत ठेवली हे वरच्याच ईएच-फ्रेम तक्त्यातून कळतं. शिवाय वरच्या फ्रेमसाठी जीडीबी लोकेशन लिस्टमध्ये रिटर्न पत्ता जसाच्या तसा शोधत नाही, त्यातून १ वजा करून शोधतं. रिटर्न पत्ता कॉलच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनचा असतो, आणि तिथे कदाचित पुढची रेंज सुरू झालेली असते. स्वतः हाताने यादी वाचताना हे विसरलात तर तुमचं आणि जीडीबीचं उत्तर जुळणार नाही.

ग्लोबलचं काम सोपं. तिथे ‘अ‍ॅड्र’ या आज्ञेपुढे सरळ पत्ता असतो, फक्त पीआयई (कुठल्याही पत्त्यावर लोड होऊ शकणाऱ्या) बायनरीत त्यात लोड बेस मिळवावा लागतो. जीडीबीखाली तो बेस सहसा हेक्स ५५५५५५५५४००० असतो, म्हणून फाइलमधला ४०१० चालताना ५५५५५५५५८०१० होतो.

उपाय म्हणाल तर -ओजी (डीबगिंगसाठीचं ऑप्टिमायझेशन) वर फार विसंबू नका, तिथेही व्हेरिएबलं गायब होतात. ज्या फाइलमध्ये घोळ आहे तेवढीच -ओ० -जी ने कंपाइल करून बाकीचं -ओ२ ठेवा. बग त्यामुळे लपत असेल, तर -ओ२ -जी वरच ‘डिसअसेंबल /एस’ आणि लोकेशन लिस्ट शेजारी ठेवून वाचण्याला पर्याय नाही. जीडीबी जुनं असेल तर कंपाइल करताना -जीड्वार्फ-४ द्या, कारण जीसीसी ११ पासून मुळात ड्वार्फ ५ निघतं आणि जुन्या आवृत्त्या त्यावर अडखळतात.

बॅकट्रेस (कॉलची साखळी) नीट येतोय पण एकही लोकल दिसत नाही, असं असेल तर बायनरी बहुधा स्ट्रिप केलेली (डीबग माहिती काढून टाकलेली) आहे, किंवा -जी शिवाय कंपाइल झालेली. ईएच-फ्रेम स्ट्रिपनंतरही राहतं, डीबग-इन्फो जातं. वेगळी डीबग फाइल जोडणार असाल तर आधी ‘रीडएल्फ -एन’ ने दोन्हींचा बिल्ड-आयडी (त्या बिल्डची ओळखखूण) जुळतो का बघा. न जुळणारी फाइल हाताने लादलीत तर जीडीबी तक्रार न करताही चुकीच्या किमती दाखवू शकतं.