आई वारीला तशीच जायची, मग मला कशाला ट्रेनिंग?

प्रश्न : ताई, मी हॅरोला राहते, वय 52, दिवसभर ऑफिसात खुर्चीला चिकटलेली. मैत्रिणींनी मे महिन्यातल्या लंडनच्या मूनवॉकला माझंही नाव टाकलंय, म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरच्या कामासाठी पैसे जमवायचे आणि रात्रभर 42 किमी चालायचं, तेही सजवलेली ब्रा घालून (सासूबाईंना अजून सांगितलेलं नाहीये). आता डिसेंबर चालू आहे. आमचे हे म्हणतात, चालायला कसली आलीय ट्रेनिंग, तुझी आई आळंदीहून पंढरपूरला जायची तेव्हा कुठे प्रॅक्टिस करत होती? खरंच गरज आहे का? जिना उतरताना उजवा गुडघा जरा कुरकुरतो.

उत्तर : आधी यांना कागद-पेन घेऊन बसवा. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किमी, आणि पालखी ते अंतर मुक्काम करत करत अडीच-तीन आठवड्यांत कापते. वारकरी ज्या दिवसाची धास्ती घेतात तो पुणे ते सासवडचा, दिवेघाट चढायचा, आणि तो सुद्धा तीसेक किमीचा. तुम्ही त्याहून जास्त एका रात्रीत, एका दमात चालणार आहात. शिवाय वारीतल्या बायका घरी तरी बसून असतात का, शेतात, चुलीशी, पाण्याला, वर्षभर उभ्याच की, तीच त्यांची ट्रेनिंग. तुमची आमची खुर्ची.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना ही गोष्ट सांगून बघा. नीना बरो नावाच्या बाईंनी 1996 साली मैत्रिणींना घेऊन न्यूयॉर्क मॅरेथॉन अशीच सजवलेल्या ब्रा घालून चालत पुरी केली, ब्रेस्ट कॅन्सरसाठी पैसे उभे करायला, आणि पुढे त्यांना स्वतःलाच तो कॅन्सर निघाला. मूनवॉक त्यातूनच सुरू झाला. माझ्या सासूबाई हे ऐकून दोन मिनिटं गप्प बसल्या आणि मग टिकल्यांचा डबाच काढून दिला. आणि नुसती ब्रा नको वाटत असेल तर टी-शर्टवरून घाला, कितीतरी जणी तशाच घालतात.

आता ट्रेनिंग. तुमच्या हातात पाच महिने आहेत, भरपूर झाले. एक डोक्यातून काढा, तुम्हाला फास्ट व्हायचं नाहीये. तासाला पाच किमीने चाललात तरी साडेआठ तास, वर टॉयलेटच्या रांगा धरल्या तर नऊच्या वर, म्हणजे प्रश्न वेगाचा नाहीच, नऊ तास पायावर उभं राहण्याचा आहे. आठवड्यात दोन-तीन दिवस पाऊण तास चाला, ऑफिसनंतर काळोखात चालावं लागलं तर उत्तमच, रात्रीचीच सवय लागेल. रविवारी एक मोठा वॉक, सुरुवात आठ किमीने, मग दर आठवड्याला दोन-तीन किमी वाढवत न्या आणि दर चौथ्या रविवारी कमी करा, ही सुट्टी खाऊ नका, पायांची झीज त्याच आठवड्यात भरून निघते. एप्रिलच्या शेवटापर्यंत 30-32 किमीचा एक वॉक झाला की बास, पूर्ण 42 आधी चालायची गरज नाही. शेवटचे दोन आठवडे नुसतं हलकं फिरायचं, त्या दिवसांत घाबरून एक्स्ट्रा चालणाऱ्या बायका मी पाहिल्यात, स्टार्टलाच लंगडत येतात.

हॅरो-ऑन-द-हिलवरून कॅपिटल रिंग ही लंडनला वळसा घालणारी चालायची वाट जाते, ग्रीनफर्डकडे उतरते, चढउतारासाठी छान आहे, पण सगळे वॉक गवतात नि चिखलात करू नका. त्या रात्री रस्ता आणि फुटपाथच असणार, डांबर तळपायाला वेगळंच बडवतं, त्याची सवय इथेच करून घ्या. गुडघ्यासाठी फिजिओला एकदा दाखवाच. मला त्यांनी खालच्या पायरीवर उभं राहून एक पाय हळूहळू जमिनीला टेकवायचा आणि परत वर घ्यायचा व्यायाम दिला होता, दिसायला काहीच नाही, दोन महिन्यांत उतारावरची कुरकुर गेली. तुमचं दुखणं वेगळं असू शकतं, म्हणून आधी दाखवा म्हणतेय.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय सुजलेले असतात, आणि नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे. बोट पुढे टेकत असेल तर तिसाव्या किमीला नख काळं पडणारच. कॉटनचे मोजे नकोत, घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला फोड पटकन येतो. बूट चावतोय असं नुसतं वाटलं तरी तिथल्या तिथे थांबून टेप लावा, पुढच्या कोपऱ्यावर बघू म्हणालात की गेलं काम.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे घालणार, जे खाणार ते आधी एका मोठ्या वॉकला घालून खाऊन बघा. मी हौसेने ब्राला कच्छी आरसे शिवले, आरशासमोर काय दिसत होते! घालून चालून मात्र बघितलं नाही. पंधराव्या किमीला एका आरशाची कड दंडाच्या आतल्या बाजूला घासायला लागली, हात हलवला की खस्स, शेवटी एका अनोळखी बाईने नखं कापायच्या कात्रीने भर रस्त्यात माझे सहा आरसे उसवले. तेव्हा टिकल्या, मणी काय ते समोर लावा, काखेकडे काही नको. काखेत व्हॅसलिन. खायला चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, दर पाऊण तासाला थोडं थोडं, भूक लागायची वाट बघू नका. नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं मीठ उतरतं आणि ते धोक्याचं असतं, तहानेप्रमाणे प्या आणि सोबत काहीतरी खारट ठेवा. मे असला तरी पहाटे थंडी वाजते, जॅकेट कमरेला बांधून न्या.

प्रश्न : मीही यंदा चालतेय. स्पॉन्सरशिपचे पैसे मागायला फार लाज वाटते. पुण्याच्या नातेवाइकांकडे मागावे का? (स्लाउ)

उत्तर : मागा की, पण आधी इथल्यांकडे. इथे टॅक्स भरणाऱ्याने गिफ्ट एडच्या चौकटीत टिक केलं की दहा पौंडांचे चॅरिटीला साडेबारा मिळतात, वरचे सरकार देतं. पुण्याच्या मावशीला ते लागू नाही, ती इथे टॅक्स भरत नाही ना. ग्रुपवर सरसकट मेसेज टाकून काही होत नाही, सगळे अंगठा देतात, पैसे कोणी देत नाही. एकेकाला फोन करा. रविवारच्या वॉकला तसाही वेळच वेळ असतो, मी निम्मे पैसे चालता चालताच जमवले.

प्रश्न : माझे वडील 68 वर्षांचे, शुगर आहे, त्यांना माझ्यासोबत प्रॅक्टिसला यायचंय. चालेल का? (लेस्टर)

उत्तर : डॉक्टरांना विचारून जरूर आणा, गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा नि डोस त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, चालताना शुगर खाली जाऊ शकते म्हणून खिशात गोड हवंच. घरी आल्यावर त्यांचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या रोज तुम्ही बघा, शुगरमध्ये पायाची संवेदना कमी झालेली असेल तर फोड आलेला कळतच नाही. गवतावर अनवाणी चालणं बंद, कोणी कितीही चांगलं सांगितलं तरी.

प्रश्न : नवे बूट इव्हेंटच्या आठवडाभर आधी घेतले तर चालतील ना? (नाव नको)

उत्तर : नाही.